पाऊस थांबला, पाणी राहिलं

गुढीपाडवा होऊन आठवडा झालेला, ईदची सुट्टीही नुकतीच संपलेली. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता, त्यामुळे शाळा ऑनलाइन आणि सरकारी कामं घरून. शारजाच्या अल मजाझ भागातल्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपवर सकाळपासून कांदाभज्यांचे फोटो पडायला लागले. इथे पाऊस म्हणजे अप्रूप. थंडीत कधीतरी चार सरी येतात, तेव्हा लोक गाड्या काढून मुद्दाम भिजायला जातात.

१६ एप्रिल २०२४ च्या पावसाने कुणाला बाहेर जायची तसदी दिली नाही. दुपारी आभाळ काळं व्हायचं सोडून हिरवट झालं. मी मूळची चिपळूणची, ढगांचे नखरे पुष्कळ पाहिलेत, पण शेवाळी आभाळ कधी पाहिलं नव्हतं. मग भर दुपारी दिवे लावावे लागले आणि सरकत्या खिडकीच्या पट्टीतून पाणी थेट दिवाणखान्यात. इथल्या खिडक्या ऊन आणि वाळू अडवायला बसवलेल्या. आडवा पाऊस त्यांच्या हिशेबातच नाही. टॉवेल संपले, चादरी संपल्या, शेवटी जुन्या सुती साड्यांचे बोळे करून फटीत कोंबले.

दुबई विमानतळावर चोवीस तासांत साधारण १४२ मिलिमीटर पाऊस झाला. कोकणातल्या माणसाला या आकड्याचं काय कौतुक? आषाढात असे दिवस येतात आणि जातात. पण त्या विमानतळाची अख्ख्या वर्षाची सरासरीच ९५ मिलिमीटरच्या आसपास आहे. अल ऐनकडच्या खत्म अल शकला इथे तर २५४ मिलिमीटर पडला. संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यांत एवढा पाऊस कधीच नाही.

संध्याकाळी आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, दारं वाजवत फिरला, ‘‘दीदी, गाडी निकालो, नीचे पानी आ गया।’’ बेसमेंटच्या उतारावर त्याने वाळूच्या गोण्या लावल्या होत्या. पाणी त्यांच्यावरून आत उतरत होतं. आमची गाडी निघाली, शेजारच्यांची राहिली. पंप आणि विजेची पॅनेलं तळघरातच, त्यामुळे लिफ्ट बंद, नळ बंद. पुढचे बरेच दिवस पाण्याचे पाच लिटरचे कॅन जिन्याने वर चढवले.

मध्यरात्रीपर्यंत पाऊस ओसरला. दुसऱ्या दिवशी रामनवमी, लख्ख ऊन, आभाळात ढगाचा तुकडा नाही आणि खाली रस्त्यावर कमरेएवढं पाणी. मला खरी धास्ती वाटली ती तेव्हा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माहेरच्या घरात शिरलं होतं. नुकसान भयंकर झालं, पण नदी चढली तशी उतरलीही आणि मागे राहिला तो चिखल उपसायला गाव लागलं. इथे उतरायला नदीच नाही. सपाट जमीन, किनाऱ्यालगत भूजल वरच, आणि पावसाचं पाणी वाहून न्यायची गटारं बऱ्याच भागांत बेताची किंवा नाहीतच. रोज न लागणाऱ्या गोष्टीवर कोण खर्च करणार? पाणी काढायचा एकच उपाय, टँकर. ते सोंड लावून पाणी ओढायचे, भरून जायचे, कुठेतरी रिकामे होऊन परत रांगेत यायचे. तोवर साचलेल्या पाण्याला हिरवी साय धरली, सांडपाणी मिसळलं आणि बाल्कनीत उभं राहवेना. गल्लीतून रबरी होड्या, कयाक, हवा भरलेल्या गाद्यासुद्धा फिरत होत्या. औषधं आणि जेवणाचे डबे घेऊन आलेल्या स्वयंसेवकांत केरळची पोरं पुष्कळ होती. पुराचा सराव असलेली माणसं लगेच ओळखू येतात.

फोनवर मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न: ‘‘कृत्रिम पाऊस पाडायला गेले आणि अंगाशी आलं ना?’’ माझ्या काकांनी तर मला ही बातमी स्वतःच शारजात असल्यासारखी सांगितली. इथल्या हवामान केंद्राने त्या वादळात बीजारोपण, म्हणजे पाऊस वाढवायला ढगांत विमानातून मिठाचे कण फवारणं, केलं नसल्याचं स्पष्ट केलं होतं, आणि ते बाजूला ठेवलं तरी हेच वादळ १४ एप्रिलपासून शेजारच्या ओमानमध्ये माणसांचे बळी घेत होतं. असलेल्या ढगातून थोडं जास्त पाणी काढता येतं. दोन देश व्यापणारं वादळ विमानातून मीठ फवारून उभं राहत नाही. काकांना हे पटलं नाही ते नाहीच.

त्याच वर्षी जूनमध्ये दुबईने ‘तसरीफ’ नावाची ३० अब्ज दिरहमची पावसाळी गटारांची योजना जाहीर केली. ती पूर्ण व्हायचं वर्ष २०३३. इकडे शारजात भाड्याचं घर बघताना आम्ही बायका भाड्याच्या आधी विचारतो, एप्रिलात इथे किती पाणी होतं? दलाल छातीठोकपणे सांगतो, या गल्लीत थेंबही नव्हता. मग मी बेसमेंटमध्ये जाऊन खांब बघते. कमरेपर्यंतच नवा रंग दिला असेल, तर ते घर नको.