चौथं वाक्य

बेळगावात मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि महिन्यातून काही रात्री दवाखान्यात सुपरव्हायझरची ड्युटीही करते. शनिवारी दुपारी शेवटच्या वर्षाच्या चार-पाच जणींना घेऊन बसते. पुढं काय करायचं, वॉर्ड कसा सांभाळायचा, डॉक्टरांशी कसं बोलायचं, हेच बोलणं असतं.

त्यात खानापूरकडची एक होती. हात इतका हलका, की पहिल्याच टोचणीत सलाईन लागायचं. पण डॉक्टरांना फोन करायची वेळ आली की मागं सरायची. घरात मराठी, पेशंटशी कन्नड, डॉक्टरांशी इंग्रजी. तिन्ही येत होत्या, फोनवर एकही सुचायची नाही. “मॅडम, रागावत्यात ओ ते,” एवढंच म्हणायची.

मी त्यांच्याकडून एस-बार घोटून घेते. अमेरिकेच्या आरमारातून दवाखान्यांत आलेली ही पद्धत: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं आणि तुम्ही काय करावं. पहिली दोन वाक्यं सगळ्यांना येतात. तिसऱ्याला आवाज खाली जातो. चौथं तोंडातून निघतच नाही. ‘हे सांगणारी मी कोण?’ हे मुलींच्या अंगात मुरलंय, आणि ते आम्हीच मुरवलंय. डॉक्टर आले की उभं राहायला पहिल्या वर्षी शिकवतो. ‘थांबा’ म्हणायला कुठल्याच वर्षी शिकवत नाही.

एका रात्री लेबर वॉर्डात चिकोडीकडची एक बाळंतीण होती. बीपी वाढून झटके आलेले. झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं, दर चार तासांनी 5 ग्रॅम कमरेत. प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: गुडघ्यावर हॅमर मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला निदान 16 आहेत का, आणि लघवी तासाला 30 मिली, म्हणजे चार तासांत 120 झाली का. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की रक्तात साठतं. आधी गुडघा गप्प होतो, मग श्वास.

2 वाजताचा डोस होता. पावणेदोनला खानापूरची ती पळत आली. “मॅडम, गुडघ्याचा जर्क येईना झालाय. पिशवीत 70 मिलीच आहे. सिस्टर म्हणत्यात, ऑर्डर आहे, दे.”

मी जाऊन स्वतः हॅमर मारला. दोन्ही पाय तसेच. श्वास मोजले, 14. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये असल्याची खात्री केली आणि फोनकडं माझाच हात गेला. मी बोलले असते तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पेशंटच्या जिवावर कुणाला शिकवायचं नसतं. पण डोस थांबला होता, पेशंट बोलत होती, मी उशाशी उभी होते. रिसीव्हर तिच्या हातात दिला.

पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. पलीकडून काहीतरी तुटक आलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी गप्प राहिले. मग चार्टवर बोट ठेवून ती अडखळत इंग्रजीत म्हणाली, “सर, मॅग्नेशियम जास्त झालंय असं मला वाटतंय. डोस थांबवलाय. तुम्ही आत्ता येऊन बघा.”

दहा मिनिटांत डॉक्टर आले. तपासलं, डोस थांबवलेलाच ठेवला. “जर्क कुणी बघितला?” त्यांनी विचारलं.

“मी,” ती म्हणाली.

पहाटे लघवी सुटली, सकाळी पाय उडू लागला. ‘दे’ म्हणणाऱ्या सिस्टरवर मी रागावले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिलाही ते चौथं वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून तिलाही बसायला बोलावलं.

महिन्याभरानं त्याच वॉर्डात राउंडला गेले, तर खानापूरची ती दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात हॅमर देऊन उभी होती. “आधी पाय सैल सोडायला सांग,” तिला म्हणाली, आणि पेशंटकडं वाकून, “कालु सडिल बिड्री, अक्का.”