सभागृह बांधायचं की नाही? सात महिन्यांच्या चर्चेतला माझा अनुभव

बाबांनी सभांना जाणं बंद केलं, तेव्हा मला वाटलं वयामुळे कंटाळा आला असेल. एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "अगं, तिथे आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. तास-दोन तास नुसतं बसून काय करू?" एरवी दर सभेला पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारणारा हा माणूस. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणून आमच्या लहान शहरासाठी नवं सामुदायिक केंद्र बांधण्याचा प्रस्ताव आला आणि नागरिकांची समिती नेमायचं ठरलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. मी बांधकामाच्या बाजूची होते, हे आधीच सांगते. पुढचं सगळं त्याच नजरेतून सुरू झालं.

पहिली सभा वाईट झाली. भिंतीवर देखण्या इमारतीचं चित्र लावलेलं होतं: उंच छत, काचेचा दर्शनी भाग, दारात झाडं. प्रश्न एकच होता, हवं की नको. दहा मिनिटांत माणसं दोन बाजूंना वाटली गेली. एका बाजूला मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, शहराच्या अभिमानासाठी बोलणारे. दुसऱ्या बाजूला कर वाढेल, गाड्या कुठे लावणार, रात्रीचा गोंगाट कोण सोसणार असं विचारणारे. तेच चार-पाच जण पुन्हा पुन्हा उठत होते. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. रात्री घरी ते वाचताना लक्षात आलं, की दोन तासांत एकानेही असं विचारलं नव्हतं की एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता या इमारतीत कोण असेल आणि काय करत असेल.

शेरी अर्नस्टीन या नगरनियोजनातल्या विदुषीने 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाशी लोकांना नुसतं गुंगवणं, माथ्यावर लोकांच्या हाती खरा अधिकार. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं. आणि या तिन्हींना तिने केवळ देखाव्याचा सहभाग म्हटलं. आमची सभा तिसऱ्या पायरीवर, म्हणजे नुसती माहिती देण्याच्या पायरीवर होती. चित्र आधीच तयार होतं आणि ते पाहायला आम्हाला बोलावलं होतं. मी समितीत आग्रह धरला की पुढच्या सभेत ते चित्र लावायचं नाही. यावरही वाद झाला. आराखडा करणाऱ्यांना वाईट वाटलं, आणि ते साहजिकच होतं. पण चित्र उतरलं.

दुसऱ्या सभेत आम्ही आठ-आठ जणांची वर्तुळं केली. आधी पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने कागदावर लिहायचं. प्रश्नही बदलला: "गेल्या महिन्यात जागा नसल्यामुळे तुमचं काय करायचं राहून गेलं?" मला विचाराल तर संपूर्ण प्रक्रियेतली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं. जी माणसं माईक हातात घ्यायला कधीच पुढे येत नाहीत, त्यांचे कागद सर्वांत भरलेले होते. एका तरुणीने लिहिलं होतं, तान्ह्या बाळाला घेऊन दुसऱ्या आयांबरोबर तासभर बसता आलं असतं तर बरं झालं असतं. आजारातून उठलेल्या एका बाईंना सोबतीने व्यायाम करायचा होता. एका मुलाचं वाक्य मी तसंच उतरवून ठेवलं आहे: "जिथे काही विकत न घेता बसता येईल अशी जागा." अभ्यासाला शांत कोपरा, वाद्याचा सराव, दुरुस्तीची हत्यारं ठेवायला एक खोली. सगळे कागद एकत्र लावले तेव्हा दिसलं, की शेकडो माणसांचं सभागृह मागणारे फार थोडे होते. बहुतेकांना वीस-पंचवीस जणांची खोली हवी होती, पण रोज.

विरोध करणाऱ्यांबद्दल माझं मत तिथपर्यंत चांगलं नव्हतं. ते बदललं एका निवृत्त लेखापालांमुळे. ते शांतपणे म्हणाले, "ताई, इमारत एकदाच बांधायची असते, चालवायची रोज असते. तुमच्या अंदाजपत्रकात पहिलाच दिवस आहे." मग त्यांनी कागदावर उभ्या रेघा मारून दाखवलं. वीज, पाणी, सफाई, रखवालदाराचा पगार, विमा, किरकोळ दुरुस्ती हे दरवर्षीचं. छताचा ओलावारोधक थर, पंप, वायरिंग, रंग यांचं प्रत्येकाचं आयुष्य वेगळं; तेवढी वर्षं भरली की मोठा खर्च एकदम समोर उभा राहतो. त्यासाठी पहिल्या वर्षापासून राखीव निधी बाजूला काढावा लागतो. घसारा, म्हणजे झिजेमुळे दरवर्षी घटणारी किंमत, हिशेबात धरला नाही, तरी भिंती झिजायच्या थांबत नाहीत. अनुदान आणि देणग्या बांधकामाला मिळतात, रखवालदाराच्या पगाराला मिळणं फार अवघड. चाळीस-पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर चालवण्याचा एकूण खर्च बांधकामाच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तरी मी पुढच्या सभेत माझा सर्वांत भक्कम मुद्दा मांडला. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली आणि नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त मेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे होते. नॉर्थ लॉन्डेलमध्ये लाखामागे 40 मृत्यू झाले, साउथ लॉन्डेलमध्ये लाखामागे 4. फरक पडला तो माणसांच्या रोजच्या भेटीगाठींमुळे. मी म्हटलं, माणसं एकमेकांना ओळखत असतील तर जीव वाचतात, म्हणून आपल्याला भेटायची जागा हवी. सभा गप्प झाली.

मग लेखापालांनीच विचारलं, "त्या दुसऱ्या वस्तीत सामुदायिक केंद्र होतं म्हणून माणसं वाचली का?" खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते द्यावंच लागलं. तिथे पायी जाता येतील अशी उघडी दुकानं होती, वाहते रस्ते होते, त्यामुळे म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायची भीती वाटत नव्हती. म्हणजे माणसं वाचली ती रोजच्या वावरामुळे. कुलूप लावलेली सुंदर इमारत तो वावर निर्माण करत नाही. माझ्याच उदाहरणाने माझी बाजू अर्धी केली. पण चर्चा खऱ्या अर्थाने तिथून पुढे सरकली, कारण आता सगळेच 'उघडं' आणि 'बंद' या शब्दांत बोलू लागले.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत आम्ही शहरातल्या सगळ्या सार्वजनिक खोल्यांचं वेळापत्रक भरलं. शाळेचं सभागृह, वाचनालयाची वरची खोली, क्रीडामंडळाचा हॉल, वापरात नसलेलं एक जुनं कार्यालय. प्रत्येकाची किल्ली कोणाकडे, ती मागायची कशी, कुठल्या तासाला कोण वापरतं. किल्लीच्या रकान्यात अनेक ठिकाणी एकाच माणसाचं नाव होतं, आणि तो माणूस बाहेरगावी गेला की खोली नाहीच असं समजायचं. संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी सगळ्यांची झुंबड, बाकी दिवस रिकामा. शाळेचं सभागृह तर शाळा सुटल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत आणि सगळ्या सुट्ट्यांमध्ये कुलूपबंद असायचं.

शाळा संध्याकाळी मोठ्यांसाठी उघडायची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एडवर्ड वॉर्ड यांच्या देखरेखीखाली 1907 मध्येच शाळांमध्ये सामाजिक केंद्रं सुरू झाली होती. लोक तिथे जमून शहराच्या प्रश्नांवर मोकळेपणाने वाद घालत. काही वर्षांत राजकीय विरोधामुळे तिथला निधी आटला, हेही मी सभेत सांगितलं. जागा मिळणं एक, ती टिकवणं दुसरं.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांची हरकत अगदी रास्त होती. सकाळी वर्ग भरताना जमीन घाण सापडली, बाक मोडलेले सापडले, तर जबाबदार कोण? अनोळखी माणसं वर्गांपर्यंत जाणार नाहीत याची हमी कोण देणार? हे प्रश्न तोंडी आश्वासनावर सोडवायचे नाहीत असं ठरलं. स्वतंत्र दार, वर्गांकडच्या वाटेला कुलूप, वापरणाऱ्याच्या सहीची नोंदवही, आणि पगारी रखवालदार. शिवाय दाराशी पायऱ्या होत्या, एकूण उंची 45 सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 उताराचा, म्हणजे एक सेंटिमीटर चढाला बारा सेंटिमीटर लांबीचा रॅम्प धरला तर त्याची लांबी 5.4 मीटर होते. जागा मोजली, बसत होती.

आता बाबांचा प्रश्न. आवाज घुमण्याचा विषय मी काढला तेव्हा काहींनी "चांगला स्पीकर लावू" म्हणून तो उडवून लावला. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेने फळ्यावर गणित मांडलं. हार्वर्डमध्ये 1895 साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला असंच एक निकामी व्याख्यानगृह सुधारायला दिलं होतं. तिथे आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. रात्री-रात्री जागून, दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवत त्याने नियम शोधला: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज रेंगाळतो, आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका लवकर विरतो. 20 मीटर लांब, 12 रुंद, 6 उंच अशी गुळगुळीत भिंतींची रिकामी खोली घेतली तर आवाज जवळपास 9 सेकंद घुमतो. 150 माणसं बसवली तरी 2 सेकंदांच्या वर. बोलणं स्पष्ट कळायला तो साधारण एका सेकंदाच्या आसपास यावा लागतो. स्पीकरचा आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. म्हणजे उंच छत आणि काच असलेली ती देखणी इमारत जशीच्या तशी बांधली असती, तर बाबांना तिथेही काहीच कळलं नसतं. शाळेच्या जुन्या सभागृहात मात्र छताला आणि मागच्या भिंतीला शोषक पॅनेल लावून बराच फरक पडणार होता.

शेवटच्या सभेत 'हवं की नको' असं मतदान घेतलं नाही. तीन पर्याय लिहून ठेवले आणि प्रत्येकाने पहिली व दुसरी पसंती द्यायची. नवी इमारत लगेच. शाळेचं सभागृह दुरुस्त करून एक वर्ष संध्याकाळी आणि सुट्टीत उघडं ठेवायचं आणि भूखंड राखून ठेवायचा. किंवा काहीच नको. दुसरा पर्याय मंजूर झाला. मीही त्यालाच मत दिलं, पण मनात खंत होती. बाळाला घेऊन बसू पाहणाऱ्या त्या तरुणीला सकाळची वेळ हवी होती आणि शाळा ती देऊच शकत नाही. दिवसभर उघडी राहणारी जागा लागणारच आहे, असं मला आजही वाटतं. एवढंच, की आता ते वर्षभराच्या नोंदवहीवरून सिद्ध करायचं आहे, आणि ठरावात तसं लिहून घेतलं आहे: कोणत्या तासाला किती माणसं आली, किती जणांना परत पाठवावं लागलं, दोन्ही नोंदी ठेवायच्या.

पॅनेल बसल्यावरच्या पहिल्या सभेला मी बाबांना सोबत घेऊन गेले. ते तिसऱ्या रांगेत बसले. मी समितीतर्फे वर्षभराच्या प्रयोगाची माहिती सांगत होते. मधेच त्यांनी हात वर केला. "रखवालदाराच्या पगाराची तरतूद एकाच वर्षाची दिसते. तेराव्या महिन्यात किल्ली कोणाकडे असेल?"

समितीतल्या कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी माईक बाजूला ठेवला आणि इतिवृत्तात पहिला मुद्दा म्हणून त्यांचा प्रश्न लिहून घेतला.