ओ-यू-जी-एच आणि रिकामं राहिलेलं आठवं घर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि बाकीच्यांनी गॅदरिंग, सहल, कबड्डीच्या मॅचेस असं काय काय सुचवलं, पण माझ्या डोळ्यासमोर एकच गोष्ट आली, आठवी ब चा फळा आणि त्याच्यावर मधोमध खडूने काढलेली चार अक्षरं, ओ, यू, जी, एच.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं, त्यामुळे आठवीत आमचं इंग्रजी जेमतेम तीन वर्षांचं. त्या दिवशी वर्गातली एक मुलगी धडा वाचत होती आणि ‘थ्रू’ हा शब्द तिने ‘थ्रफ’ असा वाचला. सगळा वर्ग हसला. सर नाही हसले. त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "काल तुम्हाला रफ शिकवलं, टफ शिकवलं, तिने तोच नियम लावला. मग चुकलं कुणाचं?" आणि फळा पुसायला घेतला.

एरवी सर शब्दाखाली पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहू द्यायचे नाहीत, दिसला की खोडायला लावायचे, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः फळ्यावर आठ घरं आखली आणि प्रत्येक घरात वर देवनागरीत एकेक आवाज लिहिला. ‘ओ’च्या घरात दो आणि डो, ‘ऊ’च्या घरात थ्रू, ‘अफ’मध्ये रफ, टफ, इनफ, ‘ऑफ’मध्ये कॉफ म्हणजे खोकला, ‘आउ’मध्ये प्लाउ म्हणजे नांगर आणि बाउ म्हणजे झाडाची फांदी, ‘ऑ’मध्ये थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट ही सगळ्यात मोठी गर्दी, आणि ‘अ’मध्ये बिचारं एकटं थरा, म्हणजे अगदी बारकाईने केलेलं. चार अक्षरं तीच, आवाज सात. आठवं घर त्यांनी रिकामंच ठेवलं, म्हणाले याच्यात एक शब्द बसतो, तो तुम्ही शोधायचा.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की सर ही भाषाच येडी आहे. तेव्हा सरांनी फळ्याच्या कडेला ‘जरा’ लिहिलं आणि वाचायला सांगितलं. ‘जरा थांब’ मधला जरा वेगळा आणि म्हातारपणाचा अर्थ असलेला जरा वेगळा, चार मधला च वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला वेगळा, लिहितो मात्र सारखंच, आणि आपल्याला कधी अडतं का? वर्ग एकदम गप्प झाला. मग ते म्हणाले की हे जी-एच उगीच नाहीये, जुन्या इंग्रजीत तिथे खरंच एक आवाज होता, घशातून येणारा, आपल्या ख च्या जवळपासचा. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, पण माणसांची तोंडं थोडीच थांबतात, पुढच्या दोनेकशे वर्षांत तो आवाज कुठे गळून गेला, कुठे त्याचा फ झाला, अक्षरं तेवढी जागच्या जागी राहिली.

खरं सांगायचं तर तेव्हा मला हे अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं कळायला बरीच वर्षं गेली, नोकरीसाठी पुण्यात मॅक्स म्युलर भवनला जर्मन शिकायला लागलो तेव्हा. रात्रीला ते ‘नाख्ट’ म्हणतात, लेकीला ‘टोख्टर’, आठला ‘आख्ट’. नाइट, डॉटर, एट! इंग्रजीत गप्प बसलेलं जी-एच आहे अशा बऱ्याच ठिकाणी जर्मन माणूस आजही ख काढतो, मी वर्गात अक्षरशः वहीवर हात आपटला. आणि त्याच्याही मागे गेलं की आपलं घर लागतं, नाइटचं संस्कृतातलं भावंड नक्त, डॉटरचं दुहिता, एटचं अष्ट, हलका या अर्थाच्या लाइटचं लघु. बाउ, ती फांदी, तिचं नातं तर थेट बाहूशी, झाडाचा हात! सरांनी आउच्या घरात लिहिलेला तो शब्द आम्ही नुसता पाठ केला होता, आणि तो निघाला आपल्याच गोतावळ्यातला.

उलट कॉफ आणि आपला कफ. आम्हाला सगळ्यांना वाटायचं हे नक्की सख्खे भाऊ, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आठव्या घरातला शब्दही मला जर्मनच्याच त्या दिवसांत सापडला, लायब्ररीतल्या डिक्शनरीत. हिकअप, म्हणजे उचकी. याचं साधं स्पेलिंग यू-पी ने संपतं, पण लोकांना त्याच्यात कॉफ ऐकू आला आणि ते शेवटी सी-ओ-यू-जी-एच लिहायला लागले. खोकल्याशी त्या शब्दाचा काही संबंध नव्हता. पण उच्चार अपच राहिला, आणि चुकीचं ते स्पेलिंग डिक्शनरीत टिकलं. म्हणजे आम्हाला कॉफमध्ये कफ ऐकू आला तसंच इंग्रजांचंही झालं होतं.

सर महोत्सवाला येणार आहेत असं कळलंय. आठवी ब मध्ये अजून फळा आहे का ते कुणीतरी आधी बघून ठेवा, आणि खडू मी आणतो.