माझ्याकडे तर होतंय

मंगळवार, रात्र

अकरा फाइली. आठ-आठ अक्षरांची नावं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची सरमिसळ, पुढे एक्स्टेंशन (फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं) नाही. आज दुपारी मॅडमच्या फोल्डरमध्ये त्या दिसल्या आणि तेव्हापासून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मॅडम शुक्रवारपासून सांगत होत्या, नेटवर्क ड्राइव्हवरची, म्हणजे ऑफिसच्या सामायिक जागेतली, एक्सेलची फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. मी दरवेळी माझ्या मशिनवरून तोच फोल्डर उघडायचो, तीच फाइल सेव्ह करायचो आणि म्हणायचो, "मॅडम, माझ्याकडे तर होतंय." होणारच. ऑफिसचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो; माझं खातं अ‍ॅडमिनचं, फुल कंट्रोल म्हणजे सगळे हक्क असलेलं. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! तरी तेच वाक्य. आवाज चढवला नाही कधी, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो, की चूक तुमचीच असणार.

त्यांना तीनदा लॉग ऑफ करून पुन्हा लॉग इन करायला लावलं. परवानग्या खात्यांच्या ग्रुपला दिलेल्या असतात. मॅडमचा ग्रुप बदलला असता तर त्याला अर्थ होता, कारण खातं कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे लॉग इन होतानाच ठरतं. इथे त्यांचा ग्रुप कुणी बदललाच नव्हता. मग शेअर परमिशन, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याची परवानगी, बघितली. नेटवर्कवरून आलं की शेअरची आणि फोल्डरची, दोन्ही परवानग्या लागतात आणि जी जास्त कडक ती चालते. शेअरवर सगळं मोकळं होतं.

शेवटी आज 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस'मध्ये, म्हणजे एखाद्याला प्रत्यक्षात काय काय करता येतं ते दाखवणाऱ्या यादीत, मॅडमचं नाव टाकलं. वर हिरव्या खुणा, आणि 'डिलीट'समोर लाल फुली. ती माझ्यामुळेच. गुरुवारच्या त्या प्रकारानंतर पुन्हा कुणाच्या हातून काही उडू नये म्हणून मीच ग्रुपचं 'मॉडिफाय' (ज्यात डिलीट करणंही येतं) काढून नुसतं वाचणं-लिहिणं ठेवलं होतं. साहेब तेव्हा जे बोलले... असो. बाकीचे त्या फोल्डरमध्ये फक्त बघतात, लिहिणाऱ्या मॅडम एकट्याच.

तपासलंही होतं मी. नोटपॅडमध्ये फाइल उघडून, दोन शब्द लिहून. नोटपॅड आहे त्याच फाइलवर लिहितं, म्हणून झालं. एक्सेल तसं करत नाही. ते आधी शेजारी एक तात्पुरती फाइल लिहितं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. काढायची परवानगीच नसेल तर ती तात्पुरती फाइल तशीच पडून राहते.

म्हणजे त्या अकरा फाइली हे मॅडमचे अकरा प्रयत्न. वेळांसकट. शुक्रवारी ५:४०, ५:४३, ५:५८. सोमवारी सकाळीच चार. शेवटची काल रात्री ७:५२ ची. तेव्हा मी घरी जेवायला बसलो होतो.

फोनवर त्यांनी तो मेसेज अक्षर न् अक्षर वाचून दाखवला होता: बदल सेव्ह झाले नाहीत, पण अमुक नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवले आहेत. मी मध्येच तोडलं. म्हणालो, स्क्रीनशॉट पाठवा. उत्तर तिथेच होतं.

संध्याकाळभर मनात घोळत होतं की ड्राइव्ह नीट चालतो तेव्हा कुणाला माझी आठवण येत नाही, सगळं एकट्याने बघायचं, आणि बोलणी खायलाही मीच. मग ७:५२ आठवलं. त्या वेळी मॅडमही एकट्याच होत्या की.

'मॉडिफाय' परत दिलं. चुकून डिलीट होण्याची भीती असेल तर त्याला बॅकअप आहे, शॅडो कॉपी (विंडोज ठेवतं त्या फाइलींच्या आधीच्या प्रती) आहे. ते काम परवानगीवर ढकलायला नको होतं. शेवटच्या फाइलची कॉपी काढून तिला एक्सेलचं एक्स्टेंशन लावलं, तर कालपर्यंतचं सगळं काम तिच्यात जसंच्या तसं.

मग मॅडमच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी सेव्ह दाबलं, थांबल्या, फाइल बंद करून पुन्हा उघडली, पुन्हा सेव्ह. "झालं रे," म्हणाल्या. मला सांगायचं होतं की चूक माझी होती. तोंडून निघालं, "काही लागलं तर सांगा."

निघताना एक साधं खातं तयार केलं, त्यांच्याच ग्रुपमधलं, एकही जादा हक्क नसलेलं. यापुढे तपासायचं ते त्यातून. त्या अकरा फाइली मात्र अजून काढलेल्या नाहीत. उद्या मॅडमना विचारून काढेन, आणि राहिलेलं तेव्हा सांगेन.