बोटीवरचं धुणं

लग्नाकार्यात भेट झाली आणि आमच्या क्रूझचा विषय निघाला की बर्फाच्या डोंगरांचे फोटो बघून होतात, जेवणाची चौकशी होते आणि मग कोणीतरी जवळ सरकून विचारतं, "अहो, पण आठ-दहा दिवस बोटीवर राहायचं म्हणजे कपडे धुता कुठे?" प्रश्न हिला विचारलेला असतो, पण आमच्याकडे धुण्याचं खातं माझं आहे. हिच्या मनगटांना संधिवात आहे, पिळणं तिला जमत नाही. शिवाय डोंबिवलीच्या औद्योगिक भागात कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवायच्या कारखान्यात, माझी तेहतीस वर्षं गेली. कापड आणि पाणी हाच माझा धंदा होता. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगतो.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या दोन ते पाच रात्रींच्या सफरीत धुवायचं काही नाही. मळलेले कपडे एका पिशवीत भरून घरी आणायचे. सात रात्रींच्या पुढे गेलात की विचार करावा लागतो, कारण अमेरिकेतल्या अलास्का राज्यासारख्या थंड ठिकाणी स्वेटर आणि जर्किनांनीच अर्धी बॅग भरते.

बुकिंग करतानाच विचारून घ्या की बोटीवर प्रवाशांना स्वतः धुता येईल अशी खोली आहे का. प्रिन्सेस आणि कार्निव्हल या क्रूझ कंपन्यांच्या बहुतेक बोटींवर ती असते, पैसे टाकून मशीन चालवायचं. क्युनार्डवर ती फुकट असते. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर नसते. तिथे केबिनमधल्या पिशवीत कपडे भरून द्यायचे, धुऊन येतात, पण नगावर पैसे लागतात आणि एका शर्टाचे डॉलर ऐकून आपला हात आखडतो. सफरीच्या मध्यावर कधी कधी एक पिशवी भरून ठरावीक पैशांत धुऊन देण्याची सवलत निघते. ती निघाली तर पँटी आणि जाड कपडे तेव्हा द्या. बाकीचं मी केबिनमध्येच धुतो.

पद्धत सोपी आहे. आज अंगावर होतं ते आजच रात्री धुवायचं, साठवायचं नाही. चार जोड पुरतात. बेसिनमध्ये भिजवायचं, कॉलर आणि बाह्या हाताने चोळायच्या, दोन पाण्यांतून खळबळायचं. खरी मेहनत वाळवण्यात आहे. केबिनच्या मोरीत भिंतीतून ओढून काढायची बारीक दोरी असते, तिच्यावर आतले कपडे आणि मोजे राहतात, जीन्स घातली तर दोरी लोंबते. सुती कुर्ता नुसता पिळून टांगला तर सकाळी काखेत आणि शिवणीत ओला असतो. म्हणून मी बोटीचा जाड टॉवेल पलंगावर पसरतो, त्यावर कुर्ता सपाट घालतो, अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करतो आणि तिच्यावर गुडघे टेकून दाब देतो. प्रोसेस हाउसमध्ये ओल्या कापडातलं पाणी काढणारा हायड्रो एक्स्ट्रॅक्टर जे काम करायचा, तेच हे. पाणी टॉवेलमध्ये जातं, पिळाच्या चुण्याही पडत नाहीत. मग झटकून हँगरला. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, लोहचुंबकाचे हुक नेलेत तर हँगर कुठेही लावता येतो. एसीची हवा कोरडी असते, सकाळपर्यंत पातळ सुती कपडा वाळतो. अंग पुसायला घरून पंचे न्या, ते दोन तासांत वाळतात. आणि बाल्कनीत मात्र काहीही टांगू नका. त्याची मनाई असते आणि वारा कपडा नेतो. समुद्रात पडलेला कपडा तिथेच राहतो.

आता साबणाचं. पहिल्या रात्री मी घरच्या अंदाजाने पावडर टाकली आणि चार पाणी बदलली तरी फेस जाईना, हात बुळबुळीत. तेव्हा लक्षात आलं की हे पाणी मऊ आहे. शाळेत ज्याला आपण दुष्फेन पाणी म्हणायचो, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतं, फेस यायला जास्त पावडर लागते. आमच्या बोअरच्या पाण्याची हीच कथा. बोटीवरचं बरंचसं पाणी समुद्रापासून केलेलं असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते काढायचे दोन मार्ग. एकात दाब कमी करून इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी उकळतात आणि वाफ थंड करतात. दुसऱ्यात हवेच्या साधारण साठपट दाबाने ते बारीक पडद्यातून ढकलतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचं तत्त्व तेच, दाब मात्र कितीतरी पट. थोडं पाणी बंदरात टाक्यांत भरूनही घेतात. घरच्या निम्मी पावडर टाका. पाव टाकलीत तरी चालेल.

या पाण्यामुळे मला बोटीवर नळ सोडून ठेववत नाही. ते करायला इंधन जातं आणि धुऊन झाल्यावर ते कुठेतरी सोडावंच लागतं. संडासाच्या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, अंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्याला ते लागू नाहीत. अलास्काने मात्र २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि धुण्याचं पाणीसुद्धा त्यात धरलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. डोंबिवलीत नाल्याचा रंग सकाळी निळा आणि दुपारी लाल झालेला मी पाहिला आहे, आणि त्या रंगात माझ्या हातचाही रंग होता. धुण्याचं पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे असं आम्ही वर्षानुवर्षं समजत आलो. ते चूक होतं.

प्रवाशांच्या धुण्याच्या खोलीबद्दल एक अनुभव सांगतो. केचिकन हे अलास्कातलं गाव, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणासारखा. आम्ही दिवसभर भिजून परतलो तर बोटीवरचा प्रत्येक जण ओली जर्किनं घेऊन ड्रायरसमोर उभा. समुद्रात असतो त्या दिवशीही तिथे गर्दी असते. मी पहाटे सहाला जातो. दोन्ही मशीन रिकामी असतात आणि छोट्या खिडकीतून पाणी दिसतं. कपडे टाकून निघून जाऊ नका. मशीन थांबल्यावर तुमचे ओले कपडे दुसऱ्याला उपसून ठेवावे लागतात, त्यात आपल्या बायकांचे परकर असतात, कोणालाच बरं वाटत नाही. आणि ड्रायरची जाळी स्वतः पुसा, आधीच्याने पुसली नसेल तरीही.

त्या जाळीत कापडाची जी मऊ लव साठते, तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. २० जुलै १९९८ रोजी एक्स्टसी नावाची क्रूझ बोट मायामीहून निघाली आणि थोड्याच वेळात तिच्या मुख्य लाँड्रीत आग लागली. चौकशीत निघालं ते असं: लाँड्रीत परवानगीशिवाय वेल्डिंग चाललं होतं, ठिणगी हवा खेचणाऱ्या नळीत गेली आणि तिथे साठलेल्या लवेने पेट घेतला. त्या नळीतून आग बोटीच्या मागच्या डेकवर पोचली, तिथे बोट धक्क्याला बांधायचे प्लास्टिकचे दोर होते, ते जळाले. जीव कोणाचा गेला नाही. पण कापडाची लव कशी पेटते हे ज्याने प्रोसेस हाउसमध्ये एकदा पाहिलंय, त्याला हा निकाल वाचून नवल वाटत नाही. म्हणून केबिनमध्ये इस्त्री नेऊ नका. वाफेची छोटी असली तरी नाही. चढतानाच ती काढून घेतात, उतरताना परत देतात, आणि ते बरोबरच करतात. घडी पडलेला कुर्ता अंघोळीच्या वेळी मोरीत टांगा, वाफेने पुष्कळ सरळ होतो. हिच्या रेशमी साड्या आम्ही बोटीवर धुतच नाही. दोन नेतो, नेसून झाली की सावलीत पसरून हवा देतो.

अलास्काच्या सफरीत बोटीचा आतला भाग पैसे घेऊन दाखवतात असं कळलं. स्वयंपाकघर, कप्तानाची खोली, रंगमंचामागची जागा, सगळ्यांची हौस वेगवेगळी. मी लाँड्रीसाठी गेलो. ती अगदी तळाच्या डेकवर, खिडकी नाही. खूप गरम होतं आणि ओल्या सुताचा वास मला तेहतीस वर्षांच्या ओळखीचा. माणसाहून उंच धुलाई मशीन, आणि चादरी इस्त्री करून देणारे लांब गरम रोलर, ज्याला आम्ही कॅलेंडर म्हणायचो. दोन माणसं चादरीचं एक एक टोक धरून आत सोडत होती, बाहेर ती सपाट घडी होऊन येत होती. मी किती तापमान ठेवता विचारलं, त्यावर घडीच्या मशीनपाशी उभा असलेला एक तरुण हसला. वेंगुर्ल्याचा निघाला. सात महिने घरी गेला नव्हता.

त्याला माझी केबिन कोणती हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याने हळूच कोपऱ्यातला एक ट्रे दाखवला. त्यात खिशांतून निघालेल्या वस्तू होत्या: नाणी, लिपस्टिक, चॉकलेटचे कागद, कितीतरी पेनं.

"काकानू," तो म्हणाला, "खिशातला पेन तेवढा काढून देवा. एक पेन शंभर शर्ट खाता."

त्या रात्री आम्ही पिशवी द्यायला काढली होती. मी आणि हिने मिळून पलंगावर ती रिकामी केली आणि प्रत्येक खिसा उलटा केला. माझ्या पँटीत एक बॉलपेन निघालं.