तुम्ही विचारलंत म्हणून: होडीला दुसरं इंजिन कशाला, आणि तेही सहाचंच का

"दुसरा इंजिन कित्याक?" किनाऱ्यावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलात की तुम्ही हे विचारता. त्याच्या पाठोपाठ पुढचं येतंच: बरं, घेतलंस तर घेतलंस, पण सहा हॉर्सपॉवरचं का? पंधराचं मिळत होतं ना? आणि पहिलं इंजिन पंचवीसचं टू-स्ट्रोक, म्हणजे तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारं, असताना हे फोर-स्ट्रोक मध्येच कुठून आणलंस? दर वेळी मी अर्धवट उत्तर देतो, कारण तुम्हाला निघायची घाई असते आणि मला चीड आलेली असते. आज सगळंच सांगतो.

होडी माझी १८ फुटी, फायबरची. मालवणजवळच्या देवबागहून कर्ली नदीच्या मुखातून समुद्रात बाहेर पडायचं, जाळी मारायची, परत यायचं. तुमच्यातले निम्मे त्याच वाटेने जातात, तेव्हा मुखाचं वर्णन तुम्हाला नको. उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आणि वरून दुपारचा खारा वारा असला की तिथे काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे.

वल्ही आहेत, हे मला माहीत आहे. नांगर आहे, मोबाइल आहे, रेंजही बऱ्याचदा असते. पण भरल्या जाळ्यांची फायबर होडी वल्ह्यांवर वाऱ्याविरुद्ध मारून दाखवा, मग बोलू. आणि फोन लागला तरी समोरच्याला होडी ढकलून, इंजिन चालू करून तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. मुखावर तो वेळ मिळत नाही.

हे मी काकांच्या होडीवर पाहिलं. काकांकडे दोन इंजिनं होती, हे आधी सांगतो, कारण "दोन असती तर वाचले असते" असं त्यांच्याबद्दल बोलणारे मी ऐकलेत. पंधराची दोन, एकाच कंपनीची, दोन्ही टू-स्ट्रोक. एकाच टाकीतून दोघांना नळी. त्यात गैर काही नव्हतं. तेल मिसळलेलं पेट्रोल एकच, प्लग एकच, पंख्याची पिन एकच, आणि एकाचा पार्ट दुसऱ्याला चालतो. आपल्याकडे सगळे असंच करतात आणि मेकॅनिकही हेच सांगतात. मीही तेव्हा हेच म्हणत होतो.

नोव्हेंबरातली दुपार होती. आत शिरताना इंजिन एकदा खोकलं, परत घेतलं, परत खोकलं आणि थांबलं. काकांनी न बोलता दुसऱ्याची दोरी ओढली. ते पहिल्याच झटक्याला लागलं. मला हायसं वाटलं, ते अजून आठवतं. कार्बुरेटरात आणि नळीत जेवढं चांगलं पेट्रोल उरलं होतं तेवढ्यावर ते चाललं. मग तेही तसंच खोकलं. "नांगर टाक, आधी नांगर टाक," काका ओरडले. मी टाकला. तळाला नुसती रेती, नांगर धरेना, ओढत येऊ लागला. सुकती आम्हाला बाहेर रेटत होती, वारा आणि लाट आत. या ओढाताणीत होडी आडवी झाली. मी नळीतला रबरी पंप दाबत होतो, तो हाताला घट्ट लागत होता, म्हणजे इंजिनाला काहीतरी पोचत होतं. काका गुडघ्यावर बसून दोरी ओढत होते. तळहाताची सालं निघाली होती. एक लाट बाजूने आत आली आणि त्यांना उचलून इंजिनाच्या अँगलवर आपटून गेली. त्यांनी आवाज केला नाही. फक्त दोरी सोडली.

वॉटर स्पोर्ट्सवाल्या एका होडीने आम्हाला दोर टाकून ओढून नेलं. काकांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, ते चालतात, पण होडीत त्यानंतर चढले नाहीत.

संध्याकाळी मी त्या टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि उजेडासमोर धरलं. वर तेलाचा रंग धरलेलं पेट्रोल, खाली दोन बोटं फिकट थर, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. हवेतला दमटपणा, झाकणातून झिरपलेला पाऊस, काहीही. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्येच धरून ठेवतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. पाणी पंपावरून आलं की आमच्याच टाकीत शिरलं, हे मला आजही माहीत नाही. कुणाला दोष द्यायचा म्हणून मी हे लिहीत नाही.

त्या दिवसापासून माझं एकच मागणं आहे. दुसऱ्या इंजिनाचं पहिल्याशी काहीही सामाईक नको. टाकी नको, नळी नको, बॅटरी नको, तेल घातलेलं पेट्रोलही नको. पहिलं ज्या कारणाने बंद पडेल त्या कारणाने दुसरं बंद पडता कामा नये. फोर-स्ट्रोक त्यासाठी. त्याला साधं पेट्रोल लागतं, टाकी त्याच्या डोक्यावरच आहे, लिटरभराची, आणि सुरू होतं हाताने दोरी ओढून. त्याचं पेट्रोल मी वेगळ्या पंपावरून, वेगळ्या कॅनमध्ये आणतो. तुम्हाला हे वेड वाटतं. वाटू दे.

सहाचं का, तर वजन. पंधराचं फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या आसपास जातं, सहाचं पंचवीस-सत्तावीस. मागच्या फळीवर आधीच पंचवीसचं लटकलेलं असताना आणखी पन्नास किलो घातले की होडी मागे बसते, आणि मागून येणारी लाट सरळ आत. बरं, एवढं करून मिळणार काय? एवढ्या लांबीची होडी पाणी कापत जाते तेव्हा साडेपाच नॉटच्या, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या, आसपास अडते. त्यापुढे जायचं तर ती पाण्यावर उचलली गेली पाहिजे, आणि जाळी, बर्फ, माणसं भरलेली असताना पंधराचं ती उचलेल यावर मी जीव टांगणार नाही. अडीचचं आणखी हलकं, एका हातात येतं. पण खाडीत फिरायला ते ठीक, सुकतीविरुद्ध मुखात शिरायला नाही. शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, मात्र लांब घेतला, वीस इंची. आखूड शाफ्टचा पंखा लाटेवर होडीची शेपटी उचलली की हवेत फिरतो, आणि गरज नेमकी लाटेतच असते.

तरीही जुना मी अधूनमधून भांडायला येतोच. म्हणतो, टू-स्ट्रोक मालवणात कुणीही खोलून देतो, हे फोर-स्ट्रोक कोण बघणार? खरं आहे. म्हणतो, टू-स्ट्रोक कसंही आडवं टाकता येतं, हे एकाच कुशीवर ठेवावं लागतं, नाहीतर सम्पचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं, तेल सिलिंडरमध्ये जातं. तेही खरं. आणि लिटरभर पेट्रोल म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम अर्धा तास. मुखातून आत यायला पुरतं, समुद्रातल्या निवतीच्या खडकांकडून परतायला नाही. म्हणून पाच लिटरचा कॅन बरोबर असतो, पण हलत्या होडीत वरून पेट्रोल ओतायचं म्हटलं की माझ्याही पोटात गोळा येतो.

शिवाय न वापरलेलं इंजिन म्हणजे इंजिन नव्हेच. कार्बुरेटरात पेट्रोल सुकून चिकट होतं, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर एकाच जागी वाकून राहतो. हंगामात मी पंचवीसचं बंद करून खरोखरच्या पाण्यात, लाटेत, सहाच्यावर येतो. ड्रममध्ये चालवून नाही. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत ते घरी असतं. गोड्या पाण्याने धुऊन, पेट्रोल संपेपर्यंत चालवून कोरडं केलेलं. तुम्हाला मी निम्म्या वाटेत हळू येताना दिसतो तो त्यामुळे. मशीन बिघडलेली नसते, तेव्हा हात करून विचारू नका.

आता पुतण्या. तो म्हणतो, काका, तुमचाच नियम लावायचा तर दुसरं इंजिन विजेचं घ्या. पेट्रोलच नको, मग पाण्याचा प्रश्नच मिटला. इथे मी अडतो. एक किलोवॅट-तासाच्या आसपासची बॅटरी असलेलं मिळतं, वजनही सहाच्यापेक्षा कमी. पण त्याचा जोर तीनच्या आसपास, पूर्ण ताकदीवर तासाभराच्या आत संपणार, किंमत माझ्या आवाक्याबाहेर, आणि खाऱ्या पाण्यात त्याची जोडणी किती वर्षं टिकते ते आपल्या किनाऱ्यावर मी तरी कुणाकडे पाहिलेलं नाही. ही माझी कारणं. पुतण्या म्हणतो, यातली निम्मी कारणं पैशाची आहेत. त्याला मला उत्तर देता आलेलं नाही. पुढच्या बंदीत होडी वर ओढली की दोघं बसून हिशेब मांडणार आहोत. तोवर सहाचं राहील.