कोरह, आणि धावणारा अहरोन

आजच्या वाचनात बायबलमधल्या गणना पुस्तकाचा १६वा अध्याय होता. मोशे आणि त्याचा भाऊ, मुख्य याजक (पुरोहित) अहरोन यांच्याविरुद्ध कोरहाने केलेल्या बंडाचा अध्याय. मंडळीत (चर्चमध्ये) कुणी पुढाऱ्यांना अवघड प्रश्न विचारला की हाच अध्याय त्याच्या तोंडावर मारला जातो, म्हणून मी तो जरा सावधपणेच उघडते.

कोरहाचं म्हणणं ऐकताना खटकत नाही. सगळी मंडळी, म्हणजे सगळे इस्राएल लोक, पवित्र आहे, परमेश्वर सगळ्यांमध्ये आहे, मग मोशे-अहरोन, तुम्ही दोघं स्वतःला मोठं का समजता? सीनाय डोंगरापाशी देवानेच साऱ्या इस्राएलाला याजकराज्य म्हटलं होतं. बोल देवाचेच, डोळा मात्र अहरोनाच्या पदावर. मोशेने ते लगेच ओळखलं: निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, सेवा मिळाली ती थोडी वाटली का, आता याजकपणही हवं? कोरह लेवी वंशातल्या कहाथाच्या घराण्यातला. लेवीच्याच गेर्षोन आणि मरारी या घराण्यांतल्या वंशजांना ओझ्यासाठी गाड्या-बैल मिळाले, कहाथाच्या वंशजांना नाही. कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच वाहायच्या होत्या. एवढ्या जवळची सेवा, तरी मन भरलं नाही.

कोरहाचे साथीदार दाथान-अबीराम तर, जिथे गुलामी केली त्या मिसरालाच (इजिप्तला) दुधामधाचा देश म्हणून मोकळे झाले; हे तर वचनदत्त देशाचं वर्णन! (त्यांच्यासोबतचा ओन पहिल्या वचनात दिसतो आणि पुढे त्याचं नावही नाही. वेळीच मागे फिरला असेल का?)

पुढचं ठाऊकच आहे. जमीन दुभंगून बंडखोरांना गिळून गेली, कोरहाच्या बाजूने धूप जाळणारे २५० जण अग्नीत गेले. पण मी आज थांबले ती दुसऱ्या दिवसापाशी. एवढं पाहूनही सगळी मंडळी पुन्हा मोशे-अहरोनावर उठली: तुम्हीच परमेश्वराची माणसं मारली. मरी (देवाने पाठवलेली साथ) सुरू झाली. आणि ज्याच्या पदावरून हे सगळं पेटलं तो म्हातारा अहरोन धुपाटणं घेऊन धावत त्याच माणसांत शिरला, मेलेले आणि जिवंत यांच्या मध्ये उभा राहिला. मरी थांबेपर्यंत १४,७०० गेले होते. काल ज्या धुपाने २५० जणांचा घात झाला, तोच आज उरलेल्यांना वाचवत होता. अहरोनाला कुणी नेमलं होतं याचा याहून मोठा पुरावा मला नको. त्याच्या निवडीची खूण म्हणून त्याच्या काठीला कळ्या, फुलं, बदाम आले ते पुढच्या अध्यायात.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला कोरहाचं बंड म्हणणं मला पटत नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला तोंडावर सुनावलं, प्रेषित पौलाने अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्राला सर्वांदेखत अडवलं. त्यांना कुणाची जागा नको होती. कोरहाला हवी होती.

आणि हा अध्याय व्यासपीठावरून वाचणाऱ्यांनी १५वं वचन गाळू नये. आरोप झाल्यावर मोशे परमेश्वराला सांगतो, मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही, यांच्यातल्या कुणाचं वाईट केलेलं नाही. हे म्हणता येत असेल, तर खुशाल वाचावं.